ऑफिस सुटल्यावरचा इतिहास

गेल्या वीसेक वर्षांत बंगळूरमध्ये एक नवी सवय रुजली आहे. नाव नोंदवून, कधी शुल्क भरून, लोक आपल्याच शहरातून घोळक्याने पायी हिंडतात आणि कुणीतरी सांगत असलेला इतिहास ऐकतात. ‘इंटॅक’च्या बंगळूर शाखेच्या ‘परिचय’ फेऱ्या आहेत, हौशी अभ्यासकांचे गट आहेत, यावर पोट भरणाऱ्या छोट्या संस्थाही आहेत. बऱ्याच फेऱ्या सुटीच्या दिवशी सकाळी निघतात. मला मात्र आठवड्याच्या मधल्या वारी, ऑफिस सुटल्यावर निघणाऱ्या फेऱ्या अधिक आवडतात. इथे सूर्यास्ताची वेळ ऋतूनुसार फारशी बदलत नाही; वर्षभर साधारण सहा ते सातच्या आसपासच अंधारतं. त्यामुळे फेरी उजेडात सुरू होते आणि दिव्यांत संपते. या दिव्यांनाही इतिहास आहे. शिवनसमुद्रच्या धबधब्यावर तयार झालेली वीज १९०५ च्या ऑगस्टमध्ये बंगळूरच्या रस्त्यांवर आली. देशात इतक्या लवकर विजेचे दिवे लागलेली शहरं मोजकीच.

पायी फिरून शहर वाचण्याची कल्पना काही इथली नव्हे. लंडनमध्ये असा वाटाड्या घेऊन फिरणं जुनं आहे. टोरोंटोमध्ये शहरांच्या अभ्यासक जेन जेकब्स यांच्या स्मरणार्थ २००७ पासून नागरिकच एकमेकांना आपापल्या वस्त्या दाखवू लागले आणि ती प्रथा अनेक देशांत पसरली. मुंबईत ‘खाकी टूर्स’ने २०१५ पासून हेच केलं. पण मुंबई-पुण्यात फिरणाऱ्याला निदान असं वाटत असतं, की शहर आपलं आहे, फक्त तपशील ठाऊक नाहीत. बंगळूरच्या फेरीत येणाऱ्यांपैकी निम्म्यांना शहर आपलं आहे की नाही, हाच प्रश्न असतो. नोकरीसाठी आलेले, भाड्याने राहणारे, कामचलाऊ कन्नड येणारे किंवा न येणारे. त्यांच्या रोजच्या नकाशात घर, ऑफिस आणि मधली वाहतूक एवढंच. फेरीला येणं हा या शहराशी ओळख करून घेण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न असतो.

मीही अशीच, कन्नडमधून मराठीत भाषांतरं करता करता इथे स्थिरावलेली. फेऱ्यांना जाताना माझ्या मनात एक नेहमीचा प्रश्न असतो : या शहराच्या गोष्टीत मराठ्यांची जागा कुठे येते? कारण १६३८ पासून १६८७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं, बंगळूर भोसल्यांच्या ताब्यात होतं. फेरीत या पन्नास वर्षांच्या वाट्याला बहुधा दोन वाक्यं येतात. ती दोन वाक्यं अपुरी आहेत; आणि ती वाढवायला मराठी माणूस सरसावतो तेव्हा काय होतं, तेही मी पाहिलं आहे.

पेठेतली फेरी सहसा कृष्णराजेंद्र मार्केटच्या मेट्रो स्थानकापासून निघते. बाहेर पडलं की समोर किल्ल्याचा उरलेला तुकडा : दिल्ली दरवाजा आणि त्याला लागून थोडा तट. केंपेगौडांनी १५३७ मध्ये शहर वसवलं तेव्हाचा किल्ला मातीचा होता. दगडाची बांधणी १७६१ मधली, हैदरअलीच्या काळातली. तटावर एक इंग्रजी संगमरवरी फलक आहे. २१ मार्च १७९१ रोजी कॉर्नवॉलिसच्या फौजेने जिथून हल्ला चढवला ते खिंडार त्यात दाखवलं आहे. किल्ल्याच्या पलीकडे टिपूचा लाकडी महाल, अलीकडे १९०० मध्ये उघडलेलं व्हिक्टोरिया हॉस्पिटल, आणि पायाखाली २०१७ मध्ये सुरू झालेली भुयारी मेट्रो.

पायी सांगितल्या जाणाऱ्या इतिहासाची ही मुख्य अडचण आहे आणि गंमतही. पुस्तकात काळ क्रमाने येतो. रस्त्यावर तो जागेच्या क्रमाने येतो. शंभर पावलांत अठरावं शतक, विसावं शतक आणि एकविसावं शतक ओलांडावं लागतं. आणि जे उभं आहे तेवढ्याचीच गोष्ट सांगता येते. शहाजीराजांचा वाडा आज उभा नाही. मग थांबायचं कुठे आणि बोट कशाकडे दाखवायचं? एका रात्रीच्या लढाईला संगमरवरी फलक मिळाला, कारण जिंकणाऱ्याने तो बसवला. पन्नास वर्षांच्या नांदण्याला पेठेत असा फलक मिळाला नाही. म्हणून दोन वाक्यं.

किल्ल्यावरून अव्हेन्यू रोडला लागायचं. त्याचं जुनं नाव दोड्डपेटे, मोठी पेठ. चिक्कपेटेचा रस्ता याला जिथे छेदतो त्या चौकात केंपेगौडांनी चार दिशांना नांगर धरलेले बैल सोडले आणि त्यांच्या तासांवर रस्ते आखले, अशी दंतकथा. पूर्वेला हलसूर, पश्चिमेला सोंडेकोप्प, उत्तरेला यलहंका, दक्षिणेला आनेकल. वेशींची नावं त्या त्या गावांच्या दिशेने. आतल्या पेठा धंद्यांच्या नावांच्या : अक्किपेटे तांदळाची, बळेपेटे बांगड्यांची, गाणिगरपेटे तेल्यांची, अरळेपेटे कापसाची. मराठी कानाला ‘पेटे’ परका वाटत नाही. आपल्याकडे शनिवार, कसबा, सदाशिव आहेतच. संध्याकाळी साडेसातला इथे हातगाड्या, मालाचे गठ्ठे वाहणारे हमाल, साड्यांच्या दुकानांतून पसारा आवरणारे नोकर यांची एकच दाटी असते. आमचा घोळका त्यांच्या वाटेत येतो. त्यांचं ऑफिस अजून सुटलेलं नसतं.

याच पेठेत भावसार आणि नामदेव शिंपी समाजाची जुनी घरं आहेत. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते. शाळा मात्र कन्नडमधून, हिशेबही कन्नडमधून. ती मराठी पुण्याहून आलेल्या अभियंत्याला चटकन कळत नाही आणि अभियंत्याची त्यांना थोडी कृत्रिम वाटते. शहराच्या दक्षिणेला गविपुरात मराठा समाजाचा गोसावी मठ आहे. त्याच भागात, गवि गंगाधरेश्वराच्या लेणीमंदिराजवळच्या कन्नड सरकारी शाळेत, शिवाजीराव गायकवाड नावाचा एक मुलगा शिकला. पुढे तो इथल्या बसवर कंडक्टर झाला आणि मद्रासला जाऊन रजनीकांत झाला. घरात मराठी, शाळेत कन्नड, पडद्यावर तमिळ. फेरीतल्या सगळ्यांना, ते कुठल्याही राज्यातले असोत, ही गोष्ट आवडते.

पण मुद्दा सतराव्या शतकाचा. १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशाही यांच्या तहात निजामशाही संपली. शहाजीराजे आदिलशाहीत आले आणि त्यांना दक्षिणेत धाडण्यात आलं. रणदुल्लाखानाच्या मोहिमेत १६३८ मध्ये बंगळूर पडलं. केंपेगौडांचे वंशज मागडीला गेले आणि शहर शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. शिवाजी लहानपणी आईबरोबर काही काळ इथे होते. १६४२ च्या सुमारास दोघं पुण्याला परतली. शहाजीराजे उरले ते कर्नाटकातच. १६६४ मध्ये शिकारीत घोड्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांची समाधी आजच्या दावणगेरे जिल्ह्यात, होदिगेरे इथे आहे.

त्यांच्या दरबारातला जयराम पिंड्ये हा कवी बहुभाषिक नियतकालिकाच्या वाचकांना जवळचा वाटावा. त्याचा ‘राधामाधवविलासचंपू’ वि. का. राजवाड्यांनी १९२२ मध्ये भल्याथोरल्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. जयरामाला बारा भाषा येत. शहाजीराजांच्या भेटीला आला तेव्हा त्याने त्यांच्यापुढे बारा नारळ ठेवले : एकेका भाषेतल्या रचनेचा एकेक. चंपूचा मुख्य भाग संस्कृत. शेवटी मात्र निरनिराळ्या देशभाषांतली कवनं येतात. बंगळूरचं ‘कॉस्मोपॉलिटन’ असणं आपण संगणक कंपन्यांच्या खात्यावर जमा करतो. त्याच्या साडेतीनशे वर्षं आधी इथल्या दरबारात एका नाशिककडच्या माणसाने बारा भाषांचे नारळ मांडले होते. राजवाड्यांनी हा ग्रंथ प्रामुख्याने शहाजीराजांच्या चरित्राचं साधन म्हणून वाचला आणि त्यांच्या काळाची ती गरजच होती. आज तो बंगळूरचा ग्रंथ म्हणून वाचायला हवा. पेठेच्या फेरीत मी त्याचं नाव अजून ऐकलेलं नाही.

पुढची हकीकत व्यवहाराची आहे. शहाजीराजांनंतर बंगळूर एकोजीराजांकडे आलं; त्यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतलं आणि मुक्काम तिकडे हलवला. १६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाला आले, वडिलांच्या मिळकतीतला वाटा त्यांनी भावाकडे मागितला, प्रकरण लढाईपर्यंत गेलं आणि शेवटी समेट झाला. त्या समेटात बंगळूर आणि भोवतालचा मुलूख एकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी लावून दिला गेला. आज कोटीहून अधिक लोकांचं हे शहर एके काळी एका बाईची चोळीबांगडी होतं, हे फेरीत सांगितलं की क्षणभर कुणी बोलत नाही. दहा वर्षांनी तंजावरहून सांभाळायला अवघड जाणारं हे ठाणं विकायचं ठरलं. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांशी बोलणी चालू असतानाच औरंगजेबाचा सेनापती कासिमखान १६८७ च्या जुलैत शहरात शिरला. अखेर वोडेयरांनी तीन लाख रुपये मोगलांना मोजून शहर घेतलं. इथे घरभाड्याची अनामत दहा-दहा महिन्यांची मागतात. तीन लाखांत आता चांगल्या वस्तीतल्या एका फ्लॅटची अनामत भागते, असं वाटाडे हटकून सांगतात आणि लोक हटकून हसतात.

या पन्नास वर्षांची हाताला लागेल अशी खूण पाहायची तर चिक्कपेटे स्थानकावर मेट्रो पकडून दोन स्थानकं पुढे, संपिगे रोडला उतरायचं आणि मल्लेश्वरमात पंधराव्या क्रॉसपर्यंत चालत जायचं. १८९८ च्या प्लेगनंतर दाट पेठेतून माणसं बाहेर काढण्यासाठी बसवनगुडी आणि मल्लेश्वरम ही उपनगरं भरभर वसली. मल्लेश्वरमला नाव मिळालं ते इथल्या काडु मल्लेश्वर मंदिरावरून. काडु म्हणजे रान; रानातला मल्लेश्वर. समोर नंदीतीर्थ आहे, मातीखाली गाडलेलं, १९९७ मध्ये खणून काढलेलं. नंदीच्या मुखातून पाण्याची धार शिवलिंगावर पडत राहते. आणि मंदिराजवळच्या खडकावर १६६९ चा शिलालेख आहे. एकोजीराजांनी मल्लपुरच्या मल्लिकार्जुनाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिलं, त्याचा हा लेख. भाषा कन्नड, लिपी कन्नड.

तिथे झालेला एक संवाद सांगते. फेरीत पुण्याहून आलेला एक तरुण होता, सव्वा वर्षापासून इथे नोकरीला. एकोजीराजांचं नाव ऐकून त्याला मनापासून आनंद झाला. माझ्याकडे वळून तो म्हणाला, ‘‘म्हणजे ताई, हे मंदिर मुळात आपलंच!’’ घोळक्यात मल्लेश्वरमचेच एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांना ‘आपलंच’चा अर्थ नीटसा कळला नसावा, पण सूर कळला. काय म्हणतोय हा, असं त्यांनी मला विचारलं. मी भाषांतर केलं. ते शांतपणे कन्नडमध्ये म्हणाले, ‘‘दान दिलंय ना? दिलेलं परत कसं मागता येईल?’’ मी तेही भाषांतर केलं. तरुण हसला, थोडा वरमला, आणि मग त्याने विचारलं, ‘‘पण मराठी राजाने कन्नडमध्ये का लिहिलं?’’ त्या संध्याकाळी विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न होता.

उत्तर अवघड नाही. दानलेख लिहायचा तो गावच्या लोकांनी वाचावा म्हणून. गाव कुणाला दिलं, त्याच्या सीमा कुठल्या, मोडेल त्याला काय पाप, हे सगळं त्या गावच्या भाषेत असल्याखेरीज लेखाचा उपयोग काय? एकोजीराजांना आपण मराठे असल्याचा विसर पडला नव्हता. आपण कुठे आहोत, हेही ते विसरले नव्हते. त्या काळच्या राज्यकर्त्यांना यात विशेष काही वाटत नसे. आपल्याला वाटतं, कारण मध्ये १९५६ ची भाषावार राज्यरचना आली, बेळगावचा वाद आला, आणि भाषा व मालकी या दोन गोष्टी आपल्या मनात एकमेकींना चिकटल्या.

त्याचा परिणाम या मंदिरापासून फार दूर नाही. सदाशिवनगरात सँकी रस्त्यावर शिवाजी महाराजांचा पुतळा आहे. २०२१ च्या डिसेंबरमध्ये कोल्हापुरात कन्नड ध्वज जाळला गेला. पाठोपाठ बंगळूरमध्ये या पुतळ्यावर शाई ओतली गेली. त्याचा सूड म्हणून बेळगावात संगोळ्ळी रायण्णाच्या पुतळ्याची मोडतोड झाली. पाच-सहा दिवसांत दोन राज्यांतली शहरं तापली. पुतळ्याशी असंच वागता येतं : हार घाला किंवा शाई ओता, तिसरा पर्याय नाही. शिलालेखाचं तसं नसतं. तो वाचावा लागतो, आणि वाचायचा तर थांबून अक्षरं लावावी लागतात. शाई ओतणाऱ्यांपैकी किंवा ती पुसायला धावलेल्यांपैकी कुणी कधी मल्लेश्वरमच्या त्या खडकापाशी थांबलं असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मराठी वाचकाने आणखीही काही वाचायला हवं. बंगळूरच्या आठवणीत मराठे केवळ दान देणारे नाहीत. १७५८ मध्ये गोपाळराव पटवर्धनांच्या फौजेने याच शहराला वेढा घातला होता. तो उठवल्यावर हैदरअलीचं नशीब उजळलं. १७९१ मध्ये, कॉर्नवॉलिसच्या बाजूने चाललेल्या युद्धात, परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. मठाच्या स्वामींना सांत्वनाची पत्रं लिहून पुनःस्थापनेसाठी मदत पाठवली ती टिपूने. ती कन्नड पत्रं मठाच्या दप्तरात १९१६ मध्ये आर. नरसिंहाचार यांना सापडली. या गोष्टी कुणाला कमीपणा आणायला सांगायच्या नाहीत. पण ‘आपले’ राजे शोधत फिरणाऱ्याने ‘आपले’ स्वारही पाहिले पाहिजेत. फेरीत सोयीचा थांबा निवडता येतो. इतिहासात येत नाही.

आणि भाषेपुरतं बोलायचं तर देवाणघेवाण राजांच्या कितीतरी आधीची आहे. शहराचं ‘बेंगळूरु’ हे नाव पहिल्यांदा सापडतं ते बेगूरच्या नागेश्वर मंदिरातल्या, सुमारे ८९० सालच्या वीरगळावर. म्हणजे केंपेगौडांच्या साडेसहाशे वर्षं आधी. आता ‘वीरगळ’ हा शब्द पाहा. आपण तो सह्याद्रीच्या गावोगावी, मारुतीच्या देवळाबाहेर, अस्सल मराठी म्हणून वापरतो. तो कन्नड ‘वीरगल्लु’ आहे. कल्लु म्हणजे दगड. आपल्या लढवय्यांच्या स्मारकाचं नावच आपण कन्नडकडून घेतलं. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हेही तिकडचेच. ज्या भाषेकडून आपण घरातलं तूप आणि थोरल्या बहिणीला मारायची हाक घेतली, तिच्याशी मालकीचा वाद घालणं जरा विचित्रच.

हे सारं टिकवण्याचं काम मात्र घाईचं झालं आहे. बी. एल. राइस यांनी ‘एपिग्राफिया कर्नाटिका’च्या नवव्या खंडात, १९०५ मध्ये, बंगळूर जिल्ह्यातले लेख नोंदवले. त्यातले पुष्कळ दगड गेल्या शतकात रस्त्यांखाली, इमारतींच्या पायांत, तळी बुजवलेल्या जमिनींत नाहीसे झाले. गेल्या काही वर्षांत इथल्या काही अभियंत्यांनी आणि शिलालेखप्रेमींनी, आपापल्या नोकऱ्या सांभाळून, राइस यांचा खंड हाती धरून गावोगाव दगड शोधले. हेब्बाळमधला कित्तय्याचा, सुमारे ७५० सालचा वीरगळ त्यांच्यामुळेच लोकांपुढे आला आणि त्याच्यावर छप्पर उभं राहिलं. पुढे ‘मिथिक सोसायटी’ या जुन्या संस्थेने शिलालेखांची त्रिमितीय छायाचित्रं घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. दगड गेला तरी अक्षरं राहावीत, हा हेतू. म्हणजे पूर्वी सरकारी अधिकाऱ्याने पगारी वेळात केलेलं काम आज खाजगी नोकरदार ऑफिस सुटल्यावर पुढे नेत आहेत.

फेऱ्यांवर टीका करता येते आणि करावी. त्यांत दंतकथा आणि दस्तऐवज एकाच सुरात सांगितले जातात. हमालाचं, शिंप्याचं, फुलवालीचं आजचं जगणं पार्श्वभूमी म्हणून उरतं. दोन तासांत गावाची ओळख झाल्याचा भास होतो. तरीही नव्याने आलेल्या माणसाला शहरावर हक्क सांगण्याआधी त्याच्यातून चालायला लावणारी दुसरी सोय मला माहीत नाही. सविस्तर वाचायचं असेल तर फजलुल हसन यांचं १९७० चं ‘बंगलोर थ्रू द सेंच्युरीज’ आहे, टी. पी. इस्सर यांचं १९८८ चं ‘द सिटी ब्यूटिफुल’ आहे, मीरा अय्यर यांचं २०१९ चं ‘डिस्कव्हरिंग बेंगळूरु’ तर पेठापेठांतल्या फेऱ्यांच्या क्रमानेच रचलेलं आहे. मराठीत मात्र आपल्याकडे शहाजीराजांवर पुस्तकं आहेत, त्यांच्या या शहरावर जवळजवळ काही नाही. ते लिहिणाऱ्याला पेठेतून चालावं लागेल आणि कन्नड यावं लागेल.

पुण्याच्या त्या तरुणाने निघताना मला विचारलं, की खडकावरची अक्षरं वाचायला किती दिवस लागतील? सतराव्या शतकातलं वळण आजच्या छापील अक्षरांहून वेगळं असलं तरी फार लांबचं नाही. देवनागरी येणाऱ्याला कन्नड लिपी महिन्याभरात येते. वर्णमाला तीच, क्रम तोच, काही ऱ्हस्व-दीर्घ जास्तीचे. सरावाला साधन हवं असेल तर दुकानांच्या पाट्यांवर आता साठ टक्के मजकूर कन्नडमध्ये असणं बंधनकारक आहे. पंधराव्या क्रॉसपासून मेट्रो स्थानकापर्यंत संपिगे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिवे लागलेल्या पाट्याच पाट्या आहेत. सुरुवात तिथूनच करा, असं मी त्याला सांगितलं.